खाडे धरले जाणार नाहीत

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नव्या पेठेत ज्यांनी कधी मेसचं कार्ड काढलंय, त्यांना ही पाटी आठवत असेल. ‘महिन्याचे पैसे आगाऊ. खाडे धरले जाणार नाहीत. रविवारी संध्याकाळी मेस बंद.’ खाडा म्हणजे न जेवलेली वेळ. तुम्ही गावाला गेलात, आजारी पडलात किंवा मित्राच्या वाढदिवसाला बिर्याणी हाणून आलात, तरी त्या वेळेचे पैसे परत मिळणार नाहीत. विद्यार्थी असताना ही पाटी मला अतिशय खडूस वाटायची. आता लहान दुकानदारांची आणि हॉटेलवाल्यांची करविवरणं भरून पोट भरतो, तेव्हा कळतं की जेवणाच्या धंद्याचं अख्खं अर्थशास्त्र तिच्यातल्या मधल्या वाक्यात आहे.

मी ९८-९९ साली ज्या काकूंकडे जेवत असे, त्यांचं आयकराचं काम आता माझ्याकडे असतं. काकू पासष्टीच्या पुढे आहेत, मेस अजून चालू आहे. दरवर्षी त्या एका जुन्या मिठाईच्या डब्यात पावत्या घालून आणतात. यंदा त्यांनी गॅसची पावती वर काढून ठेवली होती.

“हा अठरा टक्के टॅक्स परत मिळतो का रे?”

“नाही काकू. तुम्हाला नाही मिळत.”

“मग कोणाला मिळतो?”

“पंचतारांकित हॉटेलला मिळतो.”

काकूंनी पावती परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. विनोद करतोय असं वाटलं असणार त्यांना. पण तो विनोद नव्हता.

२०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा बिगर-वातानुकूलित हॉटेलांना १२ टक्के आणि वातानुकूलितांना १८ टक्के कर होता. बिलं पाहून लोक खवळले. नोव्हेंबरात गुवाहाटीला जीएसटी परिषद भरली आणि सरसकट ५ टक्के ठरले. मात्र बदल्यात हॉटेलांची वजावट काढून घेतली. कच्चा माल, गॅस, जागेचं भाडं यांवर भरलेला कर पुढच्या करातून वळता करायची सोय गेली. कारण असं दिलं गेलं की हॉटेलवाले या वजावटीचा फायदा गिऱ्हाइकाला देतच नाहीत. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. अपवाद ठेवला तो ज्या निवासी हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटांचा. ती १८ टक्के लावतात आणि वजावट घेतात.

हिशेबाच्या भाषेत यात अन्याय नाही असं माझे काही व्यवसायबंधू सांगतात. पंचतारांकितवाला गिऱ्हाइकाकडून १८ घेतो, म्हणून त्याला वजावट. मान्य. पण काकूंची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे. त्या नोंदणीतच येत नाहीत, गिऱ्हाइकाकडून एक पैसाही कर घेत नाहीत आणि तरी व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के भरतात. घरच्या लाल सिलिंडरवर ५ टक्के लागतात. त्याच गॅसवर काकू स्वतःच्या घरची आमटी करतात तेव्हा ती गरज असते आणि चाळीस पोरांची करतात तेव्हा तो व्यापार होतो. मेसमध्ये घरगुती सिलिंडर सापडला म्हणून कारवाई झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. कायदा मोडणं वाईटच, पण तो कशामुळे मोडला जातो हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की हात आखडायचे दिवस आले की आपल्याकडे एकच चर्चा सुरू होते. लोकांनी बाहेर खाणं कमी केलं पाहिजे, किंवा लोकांनी बाहेर खाणं कमी केलं म्हणून हॉटेलं अडचणीत आली आहेत. दोन्हीकडे गृहीतक एकच आहे, बाहेर खाणं म्हणजे चैन. आपली भाषाही या घोटाळ्यात सामील आहे. मराठीत चहाची टपरीसुद्धा हॉटेल, मिसळीचं दुकान हॉटेल, राइस प्लेटवालं हॉटेल आणि ताजही हॉटेलच. पण शनिवारी संध्याकाळी बायकोपोरांना घेऊन पनीर टिक्का खायला जाणारा माणूस आणि मंगळवारी दुपारी खिशात कार्ड घालून मेसमध्ये येणारा मुलगा यांच्यात मला तरी काही साम्य दिसत नाही. पहिल्याने नाही खाल्लं तर तो घरी जेवेल. दुसऱ्याच्या खोलीवर चूल पेटवायची परवानगीच नाही. २०२३-२४च्या घरखर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या महिन्याच्या खर्चात पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेलं खाणं यांचा वाटा साधारण ११ टक्के निघाला. धान्य, भाजी किंवा दूध यांच्यापैकी कुठल्याही एका खर्चापेक्षा तो जास्त आहे. यातलं सगळं चवीसाठी होत नाही. घरात स्वयंपाक करायला कोणी नाही, वेळ नाही, जागा नाही म्हणूनही होतं.

“पण हॉटेलं तर ओसंडून वाहत असतात, कुठे आहे मंदी?” हा प्रश्न मला दर दिवाळीत एक तरी नातेवाईक विचारतो. रस्त्यावरची रांग शनिवारची असते. धंदा मंगळवारच्या दुपारवर जगतो. भाडं, आचाऱ्याचा पगार, वीज आणि पोळ्या करणाऱ्या मावशींचा रोज हे टेबल भरलं काय, रिकामं राहिलं काय, चालूच असतं. रिकामं टेबल हे एसटीच्या रिकाम्या सीटसारखं असतं. गाडी सुटली की ती सीट पुन्हा विकता येत नाही. म्हणूनच मोकळ्या टेबलांना घाबरून हॉटेलवाला सवलत द्यायला लागतो आणि तिथेच तो फसतो.

हा हिशेब मी कित्येकांना कागदावर मांडून दाखवला आहे. समजा थाळी २०० रुपयांची आहे आणि तिच्यात ७० रुपयांचा माल जातो. उरले १३०. त्यातून भाडं, पगार, गॅस आणि नफा. आता थाळीवर २० टक्के सूट दिली, हातात आले १६०. ती अॅपवरून गेली आणि समजा अॅपने त्यावर २५ टक्के घेतले, उरले १२०. मालाचे ७० वजा केले की ५०, डब्याचे आठ-दहा गेले की चाळीस. म्हणजे आधी एका थाळीत जे सुटत होतं ते सुटायला आता तीनहून जास्त थाळ्या गेल्या पाहिजेत, त्याच आचाऱ्याकडून, त्याच शेगडीवर. विक्री वाढलेली दिसते, मालक मोबाइलवर आकडे दाखवतो, आणि मार्चअखेर माझ्याकडे येऊन विचारतो, “सर, पैसे गेले कुठे?”

२०१९चा ऑगस्ट आठवा. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत विकासदर ५ टक्क्यांवर आल्याचं महिनाअखेरीस जाहीर झालं. पाच रुपयांच्या पुड्याची मागणी घटल्यामुळे दहा हजारांपर्यंत लोकांना कमी करावं लागेल असं पार्लेने त्याच महिन्यात सांगितलं होतं. आणि त्याच महिन्यात देशभरातल्या शेकडो रेस्टॉरंटांनी ‘लॉगआउट’ मोहीम काढून अॅपच्या सवलत योजनांमधून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. झोमॅटो गोल्डसारख्या योजनांनी गिऱ्हाइकाला एकावर एक फुकटची सवय लावली आणि भुर्दंड आमच्यावर पडला, असं त्यांचं म्हणणं. पुढे तक्रारी स्पर्धा आयोगापर्यंत गेल्या आणि २०२२च्या एप्रिलमध्ये आयोगाने झोमॅटो आणि स्विगी या दोघांच्या व्यवहारांची चौकशी करायचा आदेश दिला. मला हॉटेलमालकांची पूर्ण कीव येत नाही. सवलतीच्या योजनेवर सह्या त्यांनीच केल्या होत्या. पण त्यातली गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लोकांच्या हातात पैसा कमी असतो तेव्हा दिलेली सवलत हवेतून येत नाही. ती कोणाच्या तरी ताटातून येते.

कोणाच्या, हे पाहायला स्वयंपाकघरात जावं लागतं. मेन्यूकार्डावरची किंमत सगळ्यात शेवटी हलते. आधी वाटीचा तळ वर येतो. पनीरचे तुकडे बोटांवर मोजता येतात. २०१९च्या डिसेंबरात कांदा शंभरी पार गेला तेव्हा ताटातल्या कांद्याच्या जागी कोबी आला होता, हे कोणी विसरलं नसेल. मग दोनपैकी एक वेटर गावाला जातो आणि त्याला परत बोलावलं जात नाही. भांडी घासणाऱ्या बाईंचा एक वेळचा रोज कमी होतो. तेल एकदा जास्त तळलं जातं. हे सगळं झाल्यावरही भागलं नाही तर मग कुठे दहा रुपये वाढतात आणि तेव्हा आपण म्हणतो, “काय महागाई झाली आहे!”

खानावळ हे असं करत नाही, निदान असं करायची तिला गरज कमी पडते. काकूंकडे मेन्यूकार्डच नाही. आज जे केलंय ते आहे. किती माणसं येणार हे त्यांना साधारण ठाऊक असतं, पैसे एक तारखेला हातात आलेले असतात आणि पातेल्यात उरलेलं फेकायची वेळ क्वचित येते. टोमॅटो २०२३च्या जुलैत दीडशे-दोनशेला गेला तेव्हा मॅकडोनाल्ड्सलाही उत्तर भारतातल्या बर्गरांतून टोमॅटो काढावा लागला आणि त्याची राष्ट्रीय बातमी झाली. काकूंनी चिंच घातली. कोणाला कळलंही नाही. सवलत नाही, जाहिरात नाही, आणि त्या खडूस पाटीमुळे खाड्याचा बोजाही नाही. गैरहजर राहणाऱ्या मुलाचं न खाल्लेलं जेवण हाच त्या धंद्याचा विमा असतो. चाळीसातली चार-पाच पोरं रोज कुठे ना कुठे गेलेली असतात, त्यावरच बाकीच्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढता येते. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ साली, म्हणजे युद्धाच्या टंचाईच्या काळात सुरू झालं. आधी कूपन घ्या आणि जागा मिळेल तिथे बसा, हीच तिथलीही रीत. जुन्या लोकांनी वाईट दिवसांसाठीच ही रचना बसवली होती.

मंदीत माणूस खाणं सोडत नाही, एक पायरी खाली उतरतो. एसी हॉलमधला थाळीवर येतो, थाळीवाला पोह्यावर, पोहेवाला घरून डबा आणतो. खानावळीला वरून उतरलेली माणसं मिळतात हे खरं, पण खालीही गळती असते. दोन मुलं मिळून एक डबा लावतात. हा प्रकार वाढला की काकू ओळखतात, परीक्षेची तारीख पुढे गेली आहे किंवा गावाकडे सोयाबीनला भाव मिळालेला नाही. लातूर, बीड, नांदेडचा पाऊस सदाशिव पेठेतल्या पोळ्यांच्या संख्येत मोजता येतो. कुठल्याही सांख्यिकी खात्याकडे हा निर्देशांक नाही.

आता खानावळीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. ती स्वस्त असते याचं एक कारण म्हणजे तिथे बाईचे कष्ट स्वस्तात, पुष्कळदा फुकट लागलेले असतात. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून शेगडीपुढे असत. कामगार महिनाअखेर पैसे देई, तोवर किराणा उधारीवर, आणि त्या उधारीचं व्याज सावकाराचं. यातून बायकांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं या बायकांपर्यंत पोचवली. मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप लांबत गेला तशी माणसं कोकणात, घाटावर परतली. संपाचा इतिहास आपण गिरण्या, युनियन आणि जमिनीचा म्हणून लिहितो. ज्यांच्या ताटांचे पैसे वहीत राहिले त्या बायकांचा धडा त्यात जवळजवळ नसतो. तिथे पाटी उलटी होती. सगळे खाडे बाईने धरले. म्हणून काकूंच्या पाटीचा मला आता राग येत नाही. आगाऊ पैसे ही गिरणगावाच्या उधारीतून शिकलेली अक्कल आहे.

सरकारने या क्षेत्रात काहीच केलं नाही असं नाही. १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. अनुदान आटलं, केंद्रांच्या जागा मात्र राहिल्या आणि पुढे त्यातल्या कित्येक ठिकाणी झुणका सोडून बाकी सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन पोळ्या, भाजी, भात, वरण, दहा रुपयांत. थाळीची किंमत शहरात ५०, ग्रामीण भागात ३५ धरलेली, वरचा फरक सरकारचा. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि ही योजना खरोखर उपयोगी पडली. दर पाच रुपये झाला, दुसऱ्या लाटेत काही महिने तर थाळी मोफत होती. योजना वाईट नव्हती. पण केंद्रचालकांची देयकं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या २०२५मध्ये आल्या, तेव्हा मला पुन्हा गिरणगाव आठवलं. या वेळी उधारी ठेवणारा कामगार नव्हता, शासन होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्वस्त जेवणाची नवी केंद्रं उघडण्याआधी चालू असलेल्या चुली विझू देऊ नका. अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली लहान खाद्य व्यावसायिकांची वेगळी, स्वस्त नोंदणी होते, म्हणजे यादी सरकारकडे तयार आहे. त्या यादीतल्या, जीएसटी मर्यादेच्या खालच्या खानावळींना सिलिंडर ५ टक्के कराने द्यावा. काकूंना महिन्याला आठ सिलिंडर लागतात. सिलिंडर करासह अठराशेचा धरला तर फरक एकेका सिलिंडरला दोनशे रुपयांचा, महिन्याला सोळाशेचा. पोळ्या करणाऱ्या मावशींच्या आठवड्याच्या पगाराच्या जवळपास जाणारी ही रक्कम आहे. तिजोरीला फार मोठा फटका बसेल असं वाटत नाही. गैरवापर होईल, मेसच्या नावाचा सिलिंडर बारमध्ये जाईल, असं म्हणणाऱ्यांना उत्तर असं की आज घरातला सिलिंडर मेसमध्ये जातोच आहे. महिन्याची मर्यादा ठेवा, फार तर दहा.

बारचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १४ जुलै २०२५ला करवाढीविरोधात राज्यातल्या परमिट रूमवाल्यांनी बंद पाळला. दारूवरच्या करासाठी अश्रू ढाळायला मी तयार नाही. मात्र तालुक्याच्या गावी बऱ्याचदा तेच एक हॉटेल असतं, दर्शनी भागात परमिट रूम, मागे पडद्याआड ‘फॅमिली’. तिथल्या मागच्या जेवणाचा दर पुढच्या बाटलीवर टिकलेला असतो. हे कोणाला आवडो न आवडो, कर ठरवणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

आणखी एक मागणी लोक करतात, सगळ्याच हॉटेलांना वजावट परत द्या. ती मला पटत नाही. २०१७च्या त्या चार महिन्यांत वजावटीचा फायदा किती जणांनी दरात उतरवला हे मी माझ्या फायलींमध्ये पाहिलंय. एकाचंही नाव आठवत नाही. मोठ्याला मंदीत वाचायचं असेल तर त्याने कार्डाची दहा पानं दोनवर आणावीत आणि सवलतीऐवजी खरा दर लावावा. ज्याला तो परवडणार नाही तो येणार नाही, पण जो येईल त्याच्या ताटात पनीर असेल.

मार्च २०२०मध्ये काकूंची पोरं दोन दिवसांत गावी गेली. महिना अर्धा उरलेला. पाटीप्रमाणे सगळे खाडे बुडाले. हॉटेलांत बसून जेवायला राज्यात परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने, आणि पोरं तर त्यानंतरही लवकर आली नाहीत. यंदा पावत्यांच्या त्या डब्यात मला एक दोनशे पानी वही सापडली. पानापानावर नावं, गाव, आणि पुढे दिवस. १३, ९, १५. काहींपुढे बरोबरची खूण आणि ‘२१ साली’ किंवा ‘२२ साली’. त्यांनी परत आल्यावर तेवढे दिवस जेवून घेतले होते. साताठ नावांपुढे खूण नाही.

“हे काय आहे काकू? पाटीवर तर नियम आहे.”

“नियम पोरं खाडा करतात तेव्हाचा आहे. तेव्हा त्यांनी कुठे केला होता?”

ही रक्कम ताळेबंदात देणी म्हणून दाखवायची का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “दाखव की. नांदेडचा तो एक अजून येईल.”